सईची मोठी शाळा

नातवंडांच्या शाळांचा विषय निघालाच आहे, तर माझी फजिती ऐका. आमची नात सई यंदा आठवीत मोठ्या हायस्कूलमध्ये गेली आणि झोप माझी उडाली. आधीची सातवीपर्यंतची माँटेसरी शाळा म्हणजे सदर भागातला एक बंगला आणि मोजकी मुलं. तिथली रीत अशी, की काही सांगायचं असेल आणि समोरचा बोलत असेल तर त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि त्याचं संपेपर्यंत गप्प उभं राहायचं. ती शाळा मीच हट्टाने निवडली होती. आता वाटायला लागलं, एवढ्या गर्दीत ही अशी गप्प उभी राहिली, तर हिच्याकडे बघणार कोण?

पहिल्या दिवशी शाळा सुटण्याच्या कितीतरी आधी मी फाटकावर हजर. घंटा झाली, एकाच रंगाच्या गणवेशांचा लोंढा आला. सई दिसेना. मी चौकीदाराला गाठलं.

"अहो, आमची मुलगी आली नाही! लहान शाळेतून आलेली आहे, कुणाला हाक मारणार नाही. आत जाऊन बघा!"

"काकाजी, काहून घाबरून राहिले? येते नं पोरगी."

"तुम्हाला कळत नाही, ती गप्पच राहील..." माझं चालूच. मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. मी तो दोनदा झटकला.

शेवटी चौकीदारच म्हणाला, "मांगं पाहा नं काकाजी. थे पोरगी कवाची उभी हाये."

वळून बघतो तर सई.

"अगं, बोलायचं नाही का?"

"तुमचं संपतच नव्हतं, आजोबा."