सर्जेरावांचं बोट

मृदंग जरा थांबवा, बुवा. टाळकरी, तुम्हीही दम खा. आता आख्यान – आणि आख्यानाआधी एक सवाल!

मंडळी, ऐका. देवानं जीव आईच्या पोटात घातला, अंड्याच्या कवचात घातला, आणि वर झाकण लावलं. का लावलं? आपण दुसऱ्याच्या डब्याचं झाकण न विचारता उघडतो का? नाही ना? मग देवाचा डबा दिसला की आपले हात का शिवशिवतात?

ऐका तर. हिंगणवाडी नावाचं गाव. तिथं सर्जेराव गावडे. अंडी उबवून पिल्लं विकायची मोठी हॅचरी! डोक्याला फेटा, पोटाला पट्टा, आणि दोन्ही फार घट्ट! आता या धंद्यातली गोम ध्यानात घ्या. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याला काय पाहिजे? मादी! कोंबडा अंडी घालतो का? नाही घालत. नुसता आरवतो आणि खातो. – पहिल्या रांगेतल्यांनी हसू नका, मी कोंबड्याचंच बोलतोय!

तर पिल्लं निघाली की हौसाबाई नावाची म्हातारी एकेक हातात घ्यायची. इवलासा पंख उघडायची. पिसं लहान-मोठी दिसली – मादी, ठेवा. सारखी दिसली – नर, बाजूला. त्या बाजूच्यांचं पुढं काय व्हायचं, ते मी देवाच्या दारात सांगत नाही. हौसाबाईसुद्धा तिकडं बघायची नाही.

मग सर्जेरावांनी मशीन आणलं! नवव्या दिवशी म्हणे अंड्याला केसाएवढं भोक पाडायचं, एक थेंब काढायचा, आणि आत नर की मादी ते सांगायचं. नको ते अंडं तिथंच बाद! सर्जेराव गावभर सांगत सुटले, "आता देवाच्या पोटातलंसुदीक आपल्याला कळतंय!" हौसाबाईला म्हणाले, "मावशे, तू आता घरी बस."

मुहूर्त काढला. मशीनला हार घातला, नारळ फोडला. सून स्वप्नाली आरतीचं ताट घेऊन उभी. शिकलेली पोरगी, मशीनचं सगळं पुस्तक तिनं वाचलेलं. एक मुलगी पदरात, आणि तिसरा महिना सरत आलेला. मशीनवाल्या इंजिनिअरनं मराठी चिठ्ठ्या चिकटवलेल्या – 'उबवायला काय ठेवायचं?' खाली दोन बटणं. नर. मादी. एवढं करून तो जिलबी खायला पंगतीत गेला.

सर्जेराव पुढं झाले. देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले, उघडले आणि – बोट गेलं कुठं? सांगा!

नर!

अहो, विचार करून नाही गेलं! चाळीस वर्षांची सवय! नवसाला नर, आशीर्वादाला नर, ओटी भरताना नर. मग बोट दुसरीकडं जाईल कसं?

स्वप्नालीनं पाहिलं. "मामंजी, अहो ते बटण–"

"गप! शुभकार्यात टोकू न्हाई!"

बारा हजार अंडी मशीनखालून गेली. सहा हजार ठेवली. सहा हजार बाद, ती दुपारीच माशांच्या तळ्याकडं रवाना! संध्याकाळी पोरगी पुन्हा सांगायला गेली. सर्जेराव पान लावत बसलेले. म्हणाले, "सूनबाई, मशीनच्या पोटातलं मी बघतो. तू तुझ्या पोटातलं बघ. पिल्लं निघाली की सोमवारी गाडीनं सीमेपलीकडं जायचं. वळखीचा डॉक्टर हाय. एकदा बघून घिऊ. पोरगी असली तर... तितंच मोकळं करून येऊ."

मोकळं! मंडळी, शब्द कसा गुळगुळीत शोधलाय बघा! तिनं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा वहाणेचा अंगठा नीट करत होता. मग ती पोरगी गप्प झाली. बारा दिवस गप्प. मशीनचंही बोलली नाही.

अंडी उबवायला ठेवल्याचा एकविसावा दिवस उजाडला. चिवचिवाट! पिल्लंच पिल्लं! गिऱ्हाइकांचे टेम्पो दारात उभे. त्यातला एक जुना माणूस म्हणाला, "मशीन असू द्या आबा, हौसाबाईचा हात फिरू द्या." बोलावली म्हातारीला. तिनं पंख उघडला. "नर." दुसरा. "नर." तिसरा. "नर गं बाई!" एक खोकं झालं, दोन झाली, दहा झाली. नर, नर, नर!

सर्जेरावांचा फेटा सुटला. स्वतः गुडघ्यावर बसले, खोक्यात हात घातला. एकेक पिल्लू उचलतायत, पंख ताणतायत, आणि काय म्हणतायत? ऐका हं! "देवा, मादी दे! एक तरी मादी दे रे!"

अहो, जन्मात पहिल्यांदा मागितली!

मागं स्वप्नाली उभी. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "मामंजी, देवानं दिल्या होत्या. सहा हजार दिल्या होत्या. तुम्हीच नको म्हणालात. आता सोमवारी मला कुठलं बटण दाबायला नेताय?"

सगळं अंगण ऐकत होतं. टेम्पोवाले ऐकत होते. हौसाबाईच्या हातात पिल्लू तसंच. सर्जेराव खाली बघून म्हणाले, "सोमवारी... कुटं जायचं न्हाई."

शहाणपण आलं म्हणता? छे! लोक हसतील म्हणून भ्याले. पण मी म्हणतो, भ्याले ते बरं झालं. त्या भीतीनं एक जीव वाचला.

आता तुम्ही हसताय. हसा! दुपारी हा मंडप घालायला तीस तरणी पोरं राबत होती. मी सहज विचारलं, "लग्नं झाली का रे?" सगळी खाली बघायला लागली. मुली मिळत नाहीत म्हणे, महाराज! कुठून मिळतील? पंचवीस वर्षांपूर्वी या गावातल्या गाड्या सोमवारी कुठं जात होत्या? माझ्याकडं नका बघू, एकमेकांकडं बघा!

काय? मागून कोण विचारतंय? जरा मोठ्यानं! "महाराज, मग त्या सुनेला झालं काय? मुलगा का मुलगी?"

घ्या! दीड घटका घसा फोडून सांगितलं, आणि यांना तेच पाहिजे! नाही सांगणार. मूल झालं, आईच्या कुशीत निजलं, एवढंच कळेल तुम्हाला.

आणि तू विचारलंस ना बाबा, तर आरतीला उठशील तेव्हा आधी आपलं बोट बघ, कुठल्या बटणावर आहे ते. वाजवा टाळ!