दुसऱ्या टाकाबाबत मनकर्णाबाईचा जबाब

नाव मनकर्णाबाई बेवा शालिग्राम, जात माळी, वय अंदाजे चाळीस, धंदा भाजीपाल्याचा मळा व जोडीला चांदीकाम, राहणार मौजे शिरपूर, तालुका वाशीम, जिल्हा अकोला. आखाजीनंतरचा बुधवार, सन १९४१. बाई मयत नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाही. ते पोलीस पाटलाने सांगितल्यावरून लिहिले आहे.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे.

मी शिरपूरची खरी, पण गावात राहत नाही. गावाबाहेर मळ्यात खोपी आहे, तिथे एकटी राहते. मला मूलबाळ नाही. माझे मालक तीन पावसाळ्यांमागे हिवतापाने वारले. त्यांचे थोरले भाऊ पंजाबराव, म्हणजे माझे भासरे, गावातल्या घरी राहतात. त्यांनी फिर्याद दिली आहे की, त्यांच्या देवघरातला माझ्या मालकांचा चांदीचा टाक मी चोरला. फिर्याद खोटी आहे. माझ्या खोपीत सापडलेला टाक माझा आहे आणि तो मी माझ्या हाताने घडवला आहे. हे ऐकून जमादार साहेब लिहायचे थांबले आणि माझ्या हातांकडे पाहू लागले, तेही लिहावे.

आमच्यात माणूस गेला की वर्षाने त्याचा टाक करतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर त्याची मूर्ती उठवतात आणि देवांत बसवतात. बाप्याचा टाक घोड्यावर बसलेला आणि हातात तलवार घेतलेला असतो, मग तो जन्मात गाढवावरही का बसलेला नसो. माझे मालक बैलगाडीपलीकडे कशावर बसले नाहीत. त्यांचा टाक भासऱ्यांनी वाशीमहून करून आणला आणि आपल्या देवघरात ठेवला. देव थोरल्या घरी राहतात ही रीत आहे. तिला माझी ना नव्हती.

पण मला तो पाहायला मिळत नसे. मी सणाला गेले तर जाऊबाई तुळसाबाई मला ओसरीवर बसवून जेवायला वाढायच्या. देवघरात जाऊ लागले की म्हणायच्या, "तू नको हात लावू वो, सनाचा दिवस हाय." बिनसणाची गेले तर म्हणायच्या, "आज कायले आली?" दोन्हीकडून दार बंद. जाऊबाई वाईट नाहीत, वाढताना हात आखडत नाहीत. पण पोटभर जेवून मी मळ्यात परत येत असे तेव्हा मला फार एकटे वाटे. हे फिर्यादीशी संबंधित नाही असे जमादार साहेब म्हणाले. माझ्या मते सगळे त्याच्याशीच संबंधित आहे.

माझे मालक डावरे होते. लहानपणी घरच्यांनी मारून मुटकून जेवायला उजवा हात लावला, बाकी सगळे डावेच राहिले. मेथीच्या वाफ्यात आम्ही शेजारी खुरपायला बसलो की त्यांचे खुरपे माझ्या खुरप्यावर आपटे. म्हणून ते नेहमी माझ्या डाव्या अंगाला बसत. मग त्यांचा हात त्या टोकाला आणि माझा या टोकाला. अजूनही मी वाफ्यात डावीकडे एका माणसाची जागा सोडून बसते. ते तण राहून जाते, मग मागाहून उठून काढावे लागते.

मागच्या दिवाळीनंतर मी माझी जोडवी फडक्यात बांधून जगदेव सोनाराकडे गेले. मालक गेल्यावर पायातून काढलेली ती जोडवी. म्हटले, याचा टाक करून द्या. जगदेव सोनार म्हणाले, "टाक थोरल्या घरचा मानूस घेऊन येते तवाच आमी घडवतो, बाई. एका मानसाचा टाक दोन घरी नसते. मी केला तर उद्या मले कोनी देव घडवाले देनार नाही." मी म्हटले, घडवून देत नाही तर घडवायला शिकवा. ते हसले. मी फडके घेऊन तिथेच बसून राहिले. शेवटी म्हणाले, "शेड सगळ्यायची हाय. ये अन् भाता ओढ."

ही शेड धर्मशाळेच्या मागे आहे. कोळसा महाग झाल्यापासून गावचे सोनार, ओतारी आणि तांब्याचे काम करणारे तिथे एकाच भट्टीवर काम करतात. ऐरणी सगळ्यांच्या. ज्याला शिकायचे त्याने आधी भाता ओढायचा, मग शिकायचे, असा तिथला नियम आहे. नियम करणाऱ्यांच्या मनात बाई नसेल, पण बाई नको असेही कोणी म्हटलेले नव्हते.

सकाळी मळ्याचे पाणी धरून मी शेडमध्ये जात असे. सुरुवातीला माझ्याशी कोणी बोलत नसे. माझी त्याला हरकत नव्हती. हातोड्या चालू असायच्या, कोणी खोकायचे, कोणी भट्टीवर शिव्या द्यायचे. खोपीत मला माझ्याच भाकरी थापण्याचा आवाज ऐकू येतो, दुसरा नाही. शेडमध्ये गोंगाट होता म्हणून मी लवकर जात असे आणि उशिरा निघत असे. हे मी लपवत नाही.

बोलली ती तांड्यावरची धनीबाई. ती तांड्यातल्या बायांच्या केसांत लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या सांधायला शिकत होती. तिने मला फुंकणी कशी धरायची ते दाखवले. मी एवढ्या जोराने फुंकले की सांध्यावर वितळवायचा डाक उडून तिच्या लुगड्यावर पडला. ती म्हणाली, "हळू वो बाई, चूल नाही पेटवून राह्यली तू!" पत्रा ठोकला की कडक होतो, तो तापवून पुन्हा मऊ करावा लागतो, नाहीतर चिरतो. हे मला तीन पत्रे चिरल्यावर कळले. जगदेव सोनार म्हणायचे, चांदीला घाई चालत नाही. मी म्हणायचे, मला कुठे जायचे आहे?

मग त्यांनी मला जत्रेत खपणारे नवसाचे पाय आणि डोळे करायला दिले. ते मी पुष्कळ केले. माझा हात बसला. लोकांचे डोळे घडवता घडवता माझे अधू झाले, ते वेगळे.

होळीनंतर मी जोडवी आटवली. मुशीत ती वितळायला लागली तेव्हा मी पाठ फिरवली. धनीबाईने लक्ष ठेवले. नंतर पत्रा मी स्वतः ठोकला.

आता चूक कशी झाली ते सांगते, कारण सगळा खटला तिच्यावर आहे. मूर्ती उठवताना पत्रा राळेच्या मऊ थरावर पालथा बसवतात आणि मागच्या बाजूने ठोकतात. मागून खोल जाते ते पुढून उठते. म्हणून मागून काढताना सगळे उलटे काढायचे असते. मला हे कोणी सांगितले नव्हते असे नाही, पण मला ते कधी भोवले नव्हते. मी आजवर केले ते पाय आणि डोळे. पाय दोन, डोळे दोन. उलटे झाले तरी डाव्याच्या जागी उजवा जातो आणि कोणाला कळत नाही. जोडीच्या वस्तूत चूक लपते. एकट्या माणसाची मूर्ती मी पहिल्यांदाच करत होते.

पत्रा राळेवरून काढून पुढून पाहिला तर घोडा उलट्या दिशेला तोंड करून होता आणि तलवार डाव्या हातात होती. जगदेव सोनार म्हणाले, "सारं उलटं झालं, बाई. आटव अन् पुन्हा कर." धनीबाई वाकून पाहू लागली. माझे मालक बाजारात डाव्या हाताने वांगी मोजून देत ते तिने पाहिले होते. ती म्हणाली, "कायले आटवते? ह्यो तर तुहाच मानूस हाय!" मी आधी हसले आणि मग रडले, दोन्ही सगळ्यांच्या देखत. हातोड्या थांबल्या होत्या. मग जगदेव सोनारांनी आपली हातोडी उचलली आणि बाकीच्यांनीही उचलल्या.

टाक मी आटवला नाही. खोपीत कोनाडा सारवून त्यात ठेवला. सकाळी त्याला पाणी घालते, कुंकू लावते, आणि काय पेरले, काय उपटले ते सांगते. याला गुन्हा म्हणत असतील तर तेवढा मी केला आहे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी मेलेल्या माणसांना जेवू घालतात. त्या दिवशी भासऱ्यांच्या देवघरात टाक मिळाला नाही. माझ्या कोनाड्यात एक आहे हे शेडमधून गावभर झालेले होते. भासरे पोलीस पाटलाला घेऊन मळ्यात आले. पंचांसमोर टाक फडक्यात बांधून नेला. मी अजून नैवेद्य दाखवला नव्हता. भाकरी तशीच राहिली.

आज ठाण्यात भासऱ्यांनी सांगितले की, हाच टाक त्यांच्या घरचा. फडके तोवर बांधलेलेच होते. मी जमादार साहेबांना विनंती केली की, सोडण्याआधी त्यांना एवढे विचारा, तुमच्या टाकाच्या कोणत्या हातात तलवार आहे? भासरे म्हणाले, "उजव्या. टाकाच्या दुसऱ्या कोनत्या हातात रायते, बाप्पा?" मी आणखी सांगितले की, आखाजीच्या आधी जाऊबाई सगळे देव विहिरीवर राखेने घासतात. टाक पानासारखा पातळ असतो, राखेबरोबर फेकला गेला तरी कळत नाही. त्यांच्या उकिरड्यावरची राख चाळावी. जमादार साहेबांनी कोतवालाला पाठवले.

मग फडके सोडले. भासरे टाक घेऊन दारात उजेडाला गेले. तिथे ते तो उलटसुलट करून तलवारीचा हात पाहू लागले. मला वाटले चूक कबूल करतील आणि मी माझा टाक घेऊन घरी जाईन. तेवढ्यात कोतवाल आला. त्यांचा टाक राखेतच मिळाला होता, थोडा वाकला होता. कोतवालाने तो पुढे केला. भासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही. माझा टाक हातात घट्ट धरून ते म्हणाले, "लहानपनी याचा डावा हात मीच बांधत होतो, दोरीनं. बाप सांगे, मी बांधो." मग म्हणाले, "थो टाक इले द्या. मले हा पायजे. हा माहा भाऊ हाय, अन् देव थोरल्या घरचा असते."

लग्न होऊन आल्यापासून मी भासऱ्यांसमोर पदर मागे केला नाही की तोंड उघडले नाही. आज उघडले. मी म्हटले, "दादाजी, तुमच्या घरी मानसं लय हायत. माह्या घरी हा एकच हाय. तुमी त्याले इतके दिवस आंघोळ घातली अन् त्याचा हात कोनता थे नाही पाह्यलं."

भासरे म्हणाले, "आता पाह्यला ना."

ते रडत होते. मला त्यांचा राग आला होता, तो गेला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरेही काही आले. त्या माणसाला खरे ओळखणारे गावात आता आम्ही दोघेच आहोत, आणि आम्ही दोघे ठाण्यात भांडत होतो.

चोरीची फिर्याद भासऱ्यांनी मागे घेतली. टाकावरचा दावा घेतला नाही. मीही सोडत नाही. राखेत मिळालेला टाक मला नको. तो कोणाचाही असू शकतो. जमादार साहेबांनी सांगितले की, दोघे मागतात तर वरच्या साहेबांचा हुकूम होईपर्यंत माझा टाक ठाण्याच्या पेटीत राहील. हुकूम कधी होईल ते सांगता येत नाही. आज मी मळ्यात जाईन तेव्हा कोनाडा रिकामा असेल. तशा खोपीत जायला मला नको वाटते. धनीबाई बाहेर थांबली आहे, ती वेशीपर्यंत येईल, पुढे तिला तांड्याची वाट आहे.

पेटीतल्या टाकावर बांधायच्या चिठ्ठीसाठी जमादार साहेबांनी मूर्ती कोणाची ते विचारले. पोलीस पाटील सांगणार होते. मी त्यांना थांबवले आणि नाव मीच सांगितले. शालिग्राम.

माझी एकच मागणी आहे. टाक पेटीत पालथा ठेवू नये. घडवताना तो राळेवर पालथाच होता आणि मी त्याला तसा पुष्कळ ठोकला आहे. आता त्याला उताणा ठेवावा.

लिहिलेले सगळे मला आमच्या बोलीत समजावून वाचून दाखवले. मी बोलले तसेच आहे, फक्त रडले ते एकदाच लिहिले आहे. ते तसेच राहू द्यावे.

निशाणी अंगठा, मनकर्णाबाई बेवा शालिग्राम.

समक्ष. मुद्देमाल टाक चांदीचा, नग एक, घोडेस्वार, तलवार डाव्या हातात, आज रोजी पेटीत जमा केला. उताणा ठेवला आहे.