एक कमी, तरी चालतं

...आणि वर मलाच विचारतात, तुझा पाय एका जागी का ठरत नाही म्हणून! आता तुम्हीच सांगा, मागे पेटी टीं टीं करतेय, खिशात फोन थरथरतोय, फोनवर ताई, आणि तिला सांगायचंय की याही रविवारी जमत नाही... कसा ठरेल पाय?

तुम्हाला सांगतो, आमचा फोटो स्टुडिओ. माणसं चार होती. दाढीवाला फोटोग्राफर सोडून गेला, उरलो तिघं. मालक, काउंटरवरच्या मावशी आणि मी. नवा माणूस घ्या म्हटलं, तर मालक म्हणतात, "एक कमी, तरी चालतंय ना?" चालतंय हो! त्याचे फोटो मी काढतो, माझे अल्बम मी लावतो, प्रिंटरची शाई मी भरतो, न चालायला काय झालं? फक्त मला सुट्टी मिळत नाही. ताईला मुलगी झाली, ती पालथी पडली, रांगायला लागली, आणि मामाने तिला अजून फोनवरच बघितलंय. पण मालकांसमोर जातो, सुट्टी मागायला तोंड उघडतो आणि बाहेर येतं, "चहा सांगू?"

तर ती पेटी, कॉम्प्युटरला जोडलेली. आजवर काढलेल्या सगळ्या लग्नांचे फोटो तिच्यात. आत चार डिस्क. फोटो चौघींत असे वाटून ठेवलेले, की एक बिघडली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं काम ओढतात. परवा सकाळी तिसरीचा दिवा लाल झाला. मालकांना सांगितलं, तर... बरोबर ओळखलंत. "एक कमी, तरी चालतंय ना?"

आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला! स्वतःचं बोलता येत नाही, पण डिस्कचं तर येतं? म्हटलं, "मालक, चालतंय, पण तिघींची दमछाक होतेय. बिघडलेलीचं ओझं त्याच वाहतात. त्यांतली अजून एक बसली की सगळंच बसलं." आणि त्यांच्याकडे नीट बघितलं... म्हणजे, कळेल असं बघितलं.

मालकांचा चेहराच उतरला. "बिचाऱ्या," म्हणाले, आणि माझ्या टेबलावरचा पंखा उचलून पेटीसमोर लावला. तसेच बाजारात पळाले ते एक सोडून दोन डिस्क घेऊन आले.

मी लाल दिव्याखालचा कप्पा उघडायला गेलो, तर मागून, "अरे, आधी बंद कर! चालत्या गाडीचं चाक काढतोस?" म्हटलं, ही चालू असतानाच बदलतात. मावशींनी डोळे मिटून घेतले. मी पुन्हा पुन्हा दिवा बघतोय, कप्पा बघतोय, कारण चुकून चांगली डिस्क ओढली तर निम्म्या गावाला पुन्हा लग्न करावं लागेल! ओढली. नवी सरकवली. खट्... आणि मग ते टक्के! दोन टक्के... तीन टक्के... तिघी आपापलं वाचून नवीला भरवतायत, घरघर चाललीय, मालक चवड्यांवर चालतायत, मावशी गिऱ्हाइकाच्या कानात बोलतायत, मी बसतोय, उठतोय, घामाने निथळतोय, आणि पंखा? पेटीला!

संध्याकाळी एकदाचे चारी दिवे हिरवे. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आता नाही तर कधीच नाही! डोळे मिटले आणि बोललो, "मालक, आपणही तिघंच ओढतोय. चौथा माणूस आला, तर मला दोन दिवस भाचीला बघून येता येईल."

मालक विचारात पडले. खरंच पडले हो! मग हळूच म्हणाले, "अरे, डिस्कचं वेगळं. माणसांचं काय, एक कमी, तरी चालतं."

"मग मी जाऊ?"

"तू गेलास तर दोन कमी होतील ना."

बोला आता! आणि ती जास्तीची डिस्क? तिला मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलीय. एखादी थकली तर लागेल, तोवर आराम करू दे म्हणाले.

रात्री ताईचा फोन आला, काय रे, मिळाली का सुट्टी? म्हटलं, मिळाली गं, आमच्याकडे एकीला मिळाली.