ताटावरून उठवलेला हिरो

आमचं घर मूळचं मेंढरांचं. दौलताबादच्या किल्ल्याखाली, डोंगराच्या अंगाला आमची वस्ती. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा माझा बाप आजोबाच्या खांद्यावर होता म्हणतात. त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं, तरी पण सांगायचा असा की जशी काय फौज ह्यालाच रस्ता विचारून पुढं गेली. ते बोलणं आमच्या रक्तातच आहे, त्याला काय करता. मेंढरं ह्या टेकडीवर अन् माणूस त्या टेकडीवर, मग आवाज टाकावा लागतो, अन् त्या आवाजावर माझं सगळं आयुष्य निघालं. मेंढरं गेली, आवाज राहिला.

शहरात आलो तेव्हा औरंगाबाद म्हणायचे, आता संभाजीनगर. तिथं एका टॉकीजवर चिकटलो. काम काय, तर चाँदभाईची रिक्षा, टपावर भोंगा, दोन्ही अंगाला पोस्टर अन् आत मी माईक धरून बसलेलो. नवा पिच्चर लागला की पडेगाव, दौलताबाद, खुलताबाद, इकडं फुलंब्री, सगळीकडं ओरडत हिंडायचं. भांडण असलं तर भांडायचो, आई मेली असली तर रडायचो, भोंग्यावरच बरं का, म्हाताऱ्या बाया डोळे पुसत रिक्षापर्यंत यायच्या अन् विचारायच्या, बाबा, शेवटी तरी भेटतो का तिचा लेक तिला. मी म्हणायचो, ते टॉकीजला येऊन बघा मावशी. चाँदभाई हसून रिक्षा बंद पाडायचा. म्हणायचा, मियाँ, तुम पडदे के बाहर क्या कर रहे, अंदर जाव ना.

आता तुम्ही विचारता पिच्चर चालतो कशानं. काय सांगू तुम्हाला, मी दाराशी पडद्याकडं पाठ करून उभा राहायचो अन् माणसं बघायचो. माणूस खुर्चीत मागं सरकला, बिडीचं बंडल चाचपायला लागला, की समजायचं पिच्चर बसला. पुढं झुकला की गाडी चालू. अन् हिरो गोरा पाहिजे, उंच पाहिजे, ते सगळं पोस्टरपुरतं. पडद्यावर त्याला काहीतरी झालं पाहिजे हो. त्याला लागलं तर खाली बसलेल्याला लागलं पाहिजे. हे मला लई कळत होतं असं नाय. एक पिच्चर मी चहाच्या टपरीवर रद्दी म्हणालो अन् तो असा चालला की टॉकीजचा मालक पुढं मी दिसलो की नुसता हसायचा. पण आता जो सांगतो त्या पिच्चरमध्ये चुकायला जागाच नव्हती, तो आंधळ्यालाही कळला असता.

पडेगावच्या अंगाला एक अण्णा होते. जमीनजुमला, मग प्लॉटिंग, मग मंगल कार्यालय. घरात कशाची कमी नसली की माणसाला काय सुचेल नेम नसतो, अण्णांना पिच्चर सुचला, अन् शूटिंगची गर्दी आवरायला माईकवर मला धरलं. हिरो कोण, तर घरचाच, त्यांचा मुलगा रणजित. पोरगं वाईट नव्हतं, खरं सांगतो, मोठ्यांना मान देणारं, निर्व्यसनी. पण ते लहानपणापासून फ्लेक्सवर वाढलेलं. वाढदिवसाचा फ्लेक्स, दहावी पास झाल्याचा फ्लेक्स, अण्णांच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात ह्याचा फोटो. त्यामुळं कॅमेरा दिसला की त्याचे हात आपोआप जुळायचे अन् तोंडावर ते हसू यायचं. पिच्चरमध्ये त्याची आई मरते. डायरेक्टर म्हणाला, रडा. हे मढ्यापाशी हात जोडून हसतंय. डायरेक्टर परभणीकडचा, गरीब गाय, तो माझ्याकडं बघायचा अन् मी दुसरीकडं बघायचो.

हिरोईन बाहेरून आणायची ठरली होती, पण घरातल्या बाया म्हणाल्या आपल्या रणजितच्या अंगाला बाहेरची बाई लागायची नाय. मग माझी भाची शोभा, माझ्या बहिणीची मुलगी. तिचं घर पडेगावातच, दाजी मजुरी करायचे, मेंढरंही थोडी होती. शोभा कॉलेजात एकांकिकेत काम करायची. उभी राहिली की समोरच्याचं बोलणं बंद पडायचं, असं काहीतरी होतं तिच्यात. दाजी तयार नव्हते. मी लई मनधरणी केली, तेव्हा म्हणाले, एक पिच्चर, एकच. लोकांनी तिचं काम बघून नावाजलं तर पुढं तिची मर्जी, मी आडवा येणार नाय. नाय तर जालन्याचं स्थळ आलंय, तिथं देऊन टाकणार. मी म्हणालो, दाजी, मंजूर, जबान माझी. म्हणजे बघा, त्या पिच्चरवर पोरीचं सगळं टांगलेलं.

आता पिच्चर बनवायचा कसा, तर ह्यांनी तो लग्नासारखा बनवला. मानपान. ज्यानं शूटिंगला विहीर दिली तो पिच्चरमध्ये दिसला पाहिजे, ज्यानं ट्रॅक्टर दिला तोही दिसला पाहिजे, अन् नुसता दिसून भागत नाय, हिरोनं त्याला नमस्कार घातला पाहिजे. हे लिहा तुम्ही, मी हसत नाय, हे खरंच पिच्चरमध्ये आहे. गुंड मोटरसायकलवर पळतोय, हिरो मागं लागलाय, धुरळा उडालाय, अन् मधीच अण्णांचे साडू बाभळीखाली उभे, कारण रस्ता त्यांच्या शेतातला. हिरो थांबला, गाडी स्टँडला लावली, पाया पडला. साडूंनी खांदा थोपटला, घरचे कसे आहेत विचारलं. तवर गुंड बिचारा पुढच्या वळणाला थांबलेला. मी डायरेक्टरला म्हणालो, साहेब, त्या गुंडाला निदान चहा तरी पाजा. तो म्हणाला, त्याचाही मामा उद्या येणार आहे शूटिंगला. असला किळसवाणा प्रकार. पिच्चर चालत नव्हता, पंगत बसली होती, अन् वाढपी प्रत्येक पानापुढं थांबत होता.

पण एक गोष्ट त्यात झाली. हिरोनं बायकोला न विचारता तिच्या बापाची जमीन विकून टाकलेली असते. घरी येतो, जेवायला बसतो, खातखात सांगतो की व्यवहार झाला. शोभाला ह्याच्यावर मोठं भाषण होतं. शूटिंगच्या दिवशी ती डायरेक्टरला बाजूला नेऊन म्हणाली, सर, मी काही बोलणार नाय, रणजितदादाला सांगू नका. त्या गरीब गायीनं आयुष्यात पहिल्यांदा हिंमत केली, व्हय म्हणाला. कॅमेरा चालू झाला. रणजित जेवतोय, बोलतोय, घास तोंडाकडं चाललाय. शोभा वाकली अन् ताट उचललं त्याच्यापुढून. आदळआपट नाय, काही नाय, भाजी वाढायला वाकावं तशी वाकली. ताट घेऊन चुलीपाशी गेली अन् पाठ करून उभी राहिली.

तुम्हाला माहितीये ना आपल्याकडं जेवत्या माणसाला ताटावरून उठवणं म्हणजे काय. दुश्मनालाही उठवत नाहीत. अन् रणजितला तर कुणी पाण्याच्या पेल्यालाही नाय म्हणालेलं नव्हतं. त्याचा घास हातातच राहिला. ते फ्लेक्सवरचं हसू आलं, अर्ध्यावर थांबलं, गेलं, अन् खालून एक पोरगं बाहेर आलं, घाबरलेलं, लाजलेलं. डोळे भरले त्याचे. तो तिच्या पाठीकडं बघत बसला अन् मग खाली उरलेल्या रिकाम्या जागेकडं. मी गर्दी आवरायला माईक घेऊन उभा होतो, तो खाली करून मीच पुढं झुकलो.

पिच्चर तयार झाल्यावर अण्णांनी तो आधी भावकीला दाखवला, आपल्याच मंगल कार्यालयात, दुपारची जेवणं उरकल्यावर. जो तो आपण पडद्यावर आलो की टाळी वाजवायचा, बाकी वेळ घोरायचा. साडू आले तेव्हा साडूंच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. अन् मग ते ताट आलं. पुढं झोपलेला एक जण उठून बसला. अण्णांची म्हातारी आई पहिल्या ओळीत होती, ती पडद्यावरच्या नातवाला म्हणाली, अरे ऊठ मेल्या, जा, पाय धर तिचे. मी दाजींना शोधत होतो. दाजी नव्हते. भावकीच्या कार्यक्रमात आम्हाला कुठं बोलावणं, मी आपला माईकच्या कामाला म्हणून आत. वाटलं, असू दे, टॉकीजला लागेल तेव्हा बघतील.

पिच्चर संपला अन् अण्णांचे चुलते उभे राहिले. म्हणाले, सगळं झ्याक, पण आपला वाघासारखा पोरगा अन् बाईनं ताटावरून उठवलेला, हे उद्या तालुका बघणार. सोयरिकी जुळवायच्यात अजून त्याच्या. दुसरा म्हणाला, व्हय व्हय, ते काढा. डायरेक्टर काहीतरी पुटपुटला की त्याच्यामुळंच तर हिरो पुढं सुधारतो. चुलते म्हणाले, आमचा पोरगा बिघडलेलाच नाय तर सुधरायचा कशाला. अण्णांनी मान डोलावली. त्या जागी काय टाकलं, तर हिरोचा सत्कार. शाल, नारळ, फेटा, अन् त्यावर एक गाणं.

बाहेर रणजित माझ्याजवळ येऊन उभा राहिला. खाली बघून म्हणाला, मामा, सगळ्या पिच्चरमध्ये तेवढंच खरं झालं माझ्याकडून. मी म्हणालो, मग आत जाऊन बोल ना बापाला. तो कार्यालयाच्या दाराकडं बघत राहिला, अन् आतून हाक आली तसा हात जोडून आत गेला.

जाहिरात मला करावी लागली. चाँदभाई रिक्षा चालवत म्हणाला, आज भोंगे पे रोये नहीं तुम. पहिल्या खेळाला टेम्पो भरभरून माणसं आणली. आधी सत्कार, इंटरव्हलला सत्कार, अन् पिच्चरमध्येही सत्कार. लोकांना कळेना की मध्यंतर कधी संपलं. हिरो पहिल्या भागात जमीन विकतो अन् दुसऱ्या भागात एकदम गोरगरिबांना मिठी मारत हिंडतो, का, तर काही कारण नाय. फुलंब्रीचा एक माणूस बाहेर पडताना मला म्हणाला, काय हो, तुमच्या भोंग्यावर भरवसा ठेवून बायकापोरं घेऊन आलो. थोड्याच दिवसांत पिच्चर उतरला. शोभा त्यात काय करते? पाणी देते, डबा बांधते, सत्काराच्या गाण्यात आरती घेऊन उभी राहते.

मी डायरेक्टरकडं गेलो, म्हणालो, तेवढा तुकडा द्या, तिच्या बापाला दाखवतो. तो म्हणाला, डिस्क अण्णांकडं. अण्णांकडं गेलो तर त्यांनी ती पुसून तिच्यावर रणजितच्या साखरपुड्याचं शूटिंग घेतलेलं. दाजींपुढं हात जोडले. म्हणालो, पोरीनं काय केलं ते मी बघितलंय हो. दाजी शांतपणे म्हणाले, तू बघितलंस, मी टॉकीजला बसून बघितलं तेव्हा ती आरती धरून उभी होती. माणूस खोटं बोलत नव्हता. शोभा आतल्या खोलीत होती, ऐकत असणार, बाहेर आली नाय. जालन्याला दिली.

आता टॉकीज पडली, तिथं गाड्या लावतात. मी कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करतो, बोलावतील तिथं जातो. शोभाचा नवरा भला माणूस आहे, दोन लेकरं आहेत. ती सिनेमाला जात नाय, टीव्हीपुढंही बसत नाय म्हणे.

अन् गेल्या साली काय व्हावं. पडेगावात एका मंडळानं ठरवलं, आपल्या भागाची पहिली हिरोईन, तिचा सत्कार करू. मी फोन केला तिला. ती म्हणाली, मामा, त्यांनी माझं काय बघितलंय? ती आली नाय. मग मंडळानं शाल दाजींच्या अंगावर टाकली. अन् माईकवर कोण, तर मी. कलावंत घडवणारे भाग्यवान वडील, असं मला लिहून दिलेलं होतं, ते मी ह्याच तोंडानं, ह्याच आवाजात वाचलं. टाळ्या पडल्या. दाजींनी हात जोडले.

खाली उतरल्यावर नारळ काखेत धरून दाजी माझ्याजवळ आले, चेहरा नुसता फुललेला, अन् मला म्हणाले, लई भारी काम केलं होतं म्हणतात आपल्या शोभानं.

मी म्हणालो, व्हय दाजी, म्हणतात.

दुसरं काय बोलणार. म्हातारा माणूस, शाल पहिल्यांदा अंगावर आलेली. सुखात राहू दे पोरीला जालन्यात, एवढंच मागतो.