मोरीचं तोंड

नाही, ती वीट आत्ता लावू नका बलभीम, थांबा जरा — आधी माझं ऐका, मग बांधा काय ती भिंत. आणि मी सांगतो ते सगळंच पक्कं धरू नका बरं का — खोटं नाही, पण मला कितपत नीट आठवतंय याची माझी मलाच खात्री नाही. श्रावण होता की भाद्रपद लागला होता? आई उपाशी होती एवढं आठवतं, म्हणजे श्रावणी सोमवार असावा — पण त्या दिवसांत आई तशीही धड जेवत नव्हती, मग ते काय प्रमाण झालं? लोक म्हणतात, हे एवढे शिकलेले, जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं, यांचं डोकं साफ असणार. कसलं साफ. गणितात एकदा सिद्ध झालं की झालं. आठवण रोज नव्यानं सिद्ध करावी लागते, आणि रोज एखादी पायरी निसटते. बसा त्या पोत्यावर. पावसात सिमेंट धरत नाही, हे तुम्हीच म्हणालात. सूनबाई आत आहे, चहा टाकलाय तिनं, आणेल इतक्यात.

तुमचं म्हणणं कळलं मला. भिंतीला खाली हे एवढं भोक कशाला — साप येतो, घुशी येतात. माझा मुलगाही तेच म्हणतो, बुजवून टाका म्हणतो. त्याला पुण्यात बसून फोनवर बुजवायला काय जातंय? तुम्ही पाणी बघितलंत का पण? परवा लिंबोणीच्या आळ्यात होतं, काल वांग्याचे वाफे गेले, आज पायरीला लागलंय. मी काल चर मारला, पोत्यांत माती भरून दाराशी लावली, घमेल्यानं उपसत बसलो — या वयात — आणि उपसून टाकणार कुठं? आपल्याच परसात. ही जागा खोलगट आहे हो. सगळ्या आळीचं पाणी इथं येतं आणि जायला वाट ही एकच. ही मोरी. ती बुजली की काय होतं ते मी बघितलंय, म्हणून सांगतोय.

हीच जागा. घर तेव्हा पांढऱ्या मातीचं, वर मातीचंच माळवद. निजामाचं राज्य होतं, शेवटचं वर्ष — शेवटचं आहे हे तेव्हा कुणाला माहीत? सोलापूर इथून हाकेच्या अंतरावर, पण ते हिंदुस्थानात आणि आपली तामलवाडी निजामात. मधे जकातीचं नाकं. माझं कॉलेज हैदराबादेत, तिकडं गडबड सुरू झाली म्हणून वडलांनी बोलावून घेतलं. उर्दूतून भूमिती शिकून आलेला मुलगा — घरात त्याचा उपयोग काय, तर कंदील धरणं. रझाकारांच्या बातम्या रोज यायच्या. आज अमक्या गावात शिरले, उद्या तमक्या. निम्म्या खऱ्या, निम्म्या कुणाच्या तरी भीतीतून निघालेल्या, पण ऐकताना सगळ्या सारख्याच वाटायच्या.

भिंतीपलीकडं बिस्मिल्लाबीचं घर. विधवा बाई, शेळ्या पाळायची. तिचा मुलगा बाबामियाँ, तो टांगा हाकायचा. आमच्या आईचं आणि तिचं सगळं भिंतीवरून चालायचं — कढीपत्ता, दोडके, शेळीचं दूध, पोरांची लग्नं, सगळं. आई म्हणायची, "काय बिस्मिल्लाबी, तुमच्या बकरीनं आमचा घेवडा खाल्ला की." ती म्हणायची, "खाया तो क्या हुआ, दूध तुमकूच पिलाती ना." अशी गंमत. आणि मग त्या उन्हाळ्यात वडलांनी मोरी बुजवली. मोरी केवढी? मांजर जाईल एवढी. पण वडील म्हणाले, आज मांजर जातंय, उद्या सुरुंग ठेवतील. दगड, चिखल, वरून चुना. आणि काय झालं माहितीये — दुसऱ्या दिवशी पलीकडूनही थापीचा आवाज. तिनंही तिच्या बाजूनं बुजवली. त्यानंतर भिंतीवरून बोलणं बंद.

बोलणं बंद, पण ऐकणं सुरू झालं. हसू नका, खरं सांगतो. पलीकडं बिस्मिल्लाबी मोठ्यानं बोलायची, "बाबा, तेरे दोस्तां कू बोल, खाना हुआ." दोस्तां — म्हणजे रझाकारच, असं आम्ही धरलं. भिंतीवर लुंग्या वाळत, बायकांचं एक लुगडं आणि लुंग्याच लुंग्या. वडील म्हणाले, घरात माणसं ठेवलीत. मग आम्ही काय केलं? आम्ही चन्नबसप्पा ठेवला. तसा कुणी माणूसच नव्हता हो. वडलांनी तयार केला. अक्कलकोटचा पाहुणा, बंदूकवाला. वडील परसात उभं राहून मोठ्यानं म्हणायचे, "चन्नबसप्पा, बंदूक जरा आत ठेवा, लेकरं हात लावतील." आणि आईला दटावायचे, तू पण बोल. मग आई रिकाम्या पाटासमोर उभी राहून विचारायची, "चन्नबसप्पा, अजून एक भाकर वाढू का?" — आणि माझ्याकडं बघायची. तिच्या त्या नजरेला काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग पाऊस लागला. असाच, आत्ता लागलाय तसा. दिवस किती ते विचारू नका, उजाडणं आणि मावळणं एकसारखंच झालं होतं. माळवद आधी ठिपकलं, मग पुढच्या सोप्यात एक कोपरा खाली आला. माझी बहीण शिवकांता बाळंतपणाला आलेली, पोर अगदी ओलं, दोघांना मागच्या खोलीत हलवलं — ती या परसाच्या बाजूची. आणि परसाचं तळं झालेलं. वाफे गेले, शेवगा आडवा झाला, बेलाच्या झाडाभोवती पाणी फिरायला लागलं. आम्ही उंबऱ्याला माती लावली, घागरींनी उपसलं, पण पाणी आपलं त्या खोलीच्या भिंतीला येऊन टेकलं. मातीच्या भिंतीला पाणी टेकलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ती एकदम पडत नाही. आधी खाली मऊ पडते, फुगते, आणि मग विचार करायला वेळ देत नाही. मी हात लावला तर बोट आत गेलं. नखापर्यंत. आत शिवकांता पोराला घेऊन बसलेली आणि पोर रडतंय — सारखं रडतंय. पुढचा सोपा गळतोय, बाहेर रस्त्यावर पडावं तर रस्त्याची भीती. जायचं कुठं?

आई म्हणाली, "मोरी फोडा." वडील म्हणाले, "खुळी झालीस काय? पलीकडं कोण बसलंय ते ठाव हाय न्हवं?" आई म्हणाली, "कोण बी असंल. पाणी काय कुणाचं दोस्त हाय का?" वडील हलले नाहीत. आणि आपली बाजू फोडून तरी काय, तिची बाजू बंदच. आणि मी? भूमितीत उताराचं गणित मी सोडवलं होतं, पहिल्या वर्गात आलो होतो, आणि इथं नुसता कंदील धरून उभा. दिवसाचाच कंदील, एवढा अंधारून आलेला.

आणि तेव्हा तो आवाज आला. धप्प. थांबून पुन्हा धप्प. मोरीच्या जागी, पलीकडून. भिंत फोडतायत. वडलांनी कुऱ्हाड घेतली आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरले, मी मागं. शिवकांता आतून विचारतेय, "काय वाजतंय गं आई?" आणि आई म्हणतेय, "काय न्हाय, झाड पडलं." धप्प धप्प चाललेलंच. मला वाटलं चार माणसं आहेत, पहारी घेऊन. मी त्यांचे श्वाससुद्धा ऐकले हो — शपथेवर सांगितलं असतं मी. मग पाण्याखाली दगड सुटल्यासारखं झालं, पाणी गरकन फिरलं आणि उतरायला लागलं. वांग्याची रोपं पुन्हा दिसायला लागली, चिखलात निजलेली. आणि पाणी खाली गेलं तसं मोरीचं तोंड उघडं पडलं, आणि त्यातून एक काळं टोक आमच्याकडं वळलेलं. गोल. टोकाला लोखंडी कडं.

वडलांनी मला खाली ओढलं. दोघं चिखलात पालथे. "बंदूक," वडील म्हणाले, आणि मग कानडीत, "सुम्मनिरु" — गप्प बस. कुऱ्हाड हातातून कुठं गेली कोण जाणे. आणि त्या स्थितीत, तोंडात चिखल, वडील ओरडले, "चन्नबसप्पा, बंदूक काढा." पलीकडं एकदम शांत. फक्त पाऊस. आणि मग बिस्मिल्लाबीचा आवाज आला, चिरका, "बाबा, रहने दे रे. मार नको. बच्चा रोतें उनका." आणि ते टोक हळूहळू मागं गेलं. पाणी तिच्या अंगणातून ओढ्याकडं जात राहिलं. तिच्या अंगणातून म्हणजे तिच्या चुलीवरून. तिचं घर आमच्याहून खाली होतं, हे मला कागदावर न काढताही माहीत होतं.

त्या खोलीची भिंत राहिली. शिवकांता राहिली, पोर राहिलं — तो भाचा आता आजोबा झालाय, लातूरला असतो. पण ऐका, पुढचं जास्त ऐका. दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला आणि वडील दगड घेऊन मोरी पुन्हा बुजवायला निघाले. व्हय, पुन्हा. म्हणाले, "आता तर त्यांना वाट ठाव झाली." आई उठली, परसात गेली आणि त्या चिखलात मोरीच्या तोंडाला पाठ लावून बसली. अशी, इथं. वडील म्हणाले, "ऊठ, मल्लम्मा." आई म्हणाली, "बुजवायची तर मला बी संगं लिंपून टाका, चुना बी वाचंल." मग हातातला दगड वडलांनी तुळशीपाशी ठेवला. कितीतरी वर्षं तिथंच होता.

मग मिलिटरी आली, निजाम पडला, वारं फिरलं. आता पलीकडचे आवाज बंद झाले. लुंग्या नाहीत, दोस्तां नाहीत, काही नाही. त्या दिवसांत गावोगाव मुसलमानांचं काय झालं ते — नको, ते नको. तेव्हा आई मोरीशी बसून भाकरी सरकवायची. घरात माणसं लपलीत म्हणून टोपलंभर, वर पिठलं. थाळा रिकामा परत यायचा. वडील म्हणायचे, "खातात बघ किती." पण थांबवलं नाही त्यांनी. बाबामियाँ आम्हाला कधी दिसला नाही, पुढं बिस्मिल्लाबीही घर विकून मुलाकडं गेली. जाताना आईला तिनं एक पाट दिली, तरणी शेळी, गाभण. बोलल्या काय दोघी, ते मी ऐकलं नाही.

तुम्ही दाराकडं का बघताय सारखं? चहा. हो. चहा — येईल. पलीकडं आता कोण राहतं मला माहीत नाही. टीव्ही लागतो, गाडी चालू होते, कुणीतरी जोरात हसतं. वाईट माणसं असतील असं नाही. तुम्ही काल विचारलंत ना, मास्तर, आत कुणाशी बोलता, पाहुणे आलेत का — आवाज ऐकलात तुम्ही माझा. पाहुणे नाहीत हो. सूनबाई पण नाही. ती पुण्यालाच असते मुलाबरोबर. मी आपलं बोलतो, जरा मोठ्यानं — "अगं, दार लावलंस का," असं. पलीकडं ऐकू गेलेलं बरं. चहा येणार नाही, बलभीम. मी करतो पाहिजे तर — नको? बरं.

जा तुम्ही आता. पाणी दुसऱ्या पायरीला आलंय, तुमचं सामान वर ठेवा आणि जा. पावसाची उघाड पडली की भिंत बांधा, हवी तेवढी उंच बांधा, पण खाली भोक ठेवा. मुलाचा फोन आला तर सांगा, बुजवलं. एवढं माझ्यासाठी खोटं बोला.

आणि हो, जाताजाता एवढं ऐका — पुढं पेपर तपासायच्या कामानं गुलबर्ग्याला गेलो होतो, तिथं बाबामियाँची बायको खैरुनबी भेटली. मी विचारलं, त्या पावसात तुमच्या घरात कोण कोण होतं. ती म्हणाली, "हमें कां थे जी. रझाकारां इनकू बुलाने लगे, इसलिए मिरग के पैलेच भागको इधर आ गए. अम्मा बकऱ्यां छोड़को आती नै बोली." मी पुन्हा विचारलं, एकदा ऐकून विश्वास ठेवणारा मी नाही. मग ती आत गेली आणि ते घेऊन आली — काळं, टोकाला लोखंडी कडं. मुसळ होतं. पलीकडं बिस्मिल्लाबी एकटीच होती.