यक्षीला नाक आहे

हॅलो?… कोण?… अगं शकू, तू होय! "नले, दार उघड गं" अशी आई अंगणातून हाक मारायची ना, तोच आवाज आला तुझ्या तोंडून. हो, हो, बरी आहे. हळू बोलतेय, बाहेर गिऱ्हाईक बसलंय…

अगं, यक्षीच्या मूर्तीला! यांना रिटायरमेंटला हौस आली होती ना, संग्रहालयाच्या दुकानातून आणलेली, साच्यात ओतलेली… हो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तीच… ओळखीची वाटते? असेल. दगडातल्या बाया सगळ्या सारख्याच दिसतात. ऐक तर…

विकतोय कारण आता राहायला जायचंय तो मिसरोदचा फ्लॅट पडला लहान. लिफ्टमध्ये ती उभी राहिली की हे बाहेर… हसू नकोस!

तर यांनी काय केलं… जन्म गेला कारखान्यात माल तपासण्यात. उद्या कुणी फसवणूक म्हणायला नको, म्हणून तिच्या पोटावर लाल रंगाने 'प्रतिकृती'. पाठीवर तेच इंग्रजीत. पायाशी हिंदीत, 'नकली है'… अगं, देवाशपथ!

आणि चार इमलीहून, त्या अफसरांच्या बंगल्यांतून, आल्या निर्मलाजी, मोठ्या साहेबांच्या मिसेस. पुढून वाचलं, मागून वाचलं, आणि यांना चक्क डोळा मारला. म्हणाल्या, "समझ गए हम. असली माल ऐसे ही निकालते हैं."… सांगितलं ना! हे शपथा घेतायत, तसतशी बाईंची खात्री वाढतेय. पावती दाखवली तर म्हणतात, "वाह, कागज भी क्या बनवाया है!"

थांब जरा… अहो, साखर निळ्या डब्यात!… हं, बोल.

कायदा? तिथेच तर घोडं अडलंय. खोटी मूर्ती खरी म्हणून दिली तर फसवणूक. आणि खरी निघाली, तर शंभर वर्षांवरची वस्तू परवान्याशिवाय विकली म्हणून आत. यांना घाम फुटलाय. मघाशी आत येऊन मलाच विचारतात, "नलिनी, ही खरीच तर नसेल ना?"

का म्हणजे?… नाकामुळे गं. संग्रहालयातल्या मूळ मूर्तीचं नाक कधीचं फुटलंय. हिला नाक आहे. बाई मोबाईलवर तिचा फोटो काढून हिच्या शेजारी धरून बसल्यात. म्हणतात, बिननाकाची तीच नक्कल, असली ही… मला काय विचारतेस? मला काय माहीत, नाक कुठून आलं… आवाजाला काही नाही झालेलं. कांदा चिरतेय.

नाही, यांना नाही दिसलं कधी. हे खालचा शिक्का बघतात फक्त…

काय?… हो, टोकाशी जरा वाकडं… डावीकडे खड्डा आहे खरा, देवीच्या वणासारखा… तू झूम करून बघतेयस का?… शकू… अगं… नको ना रडूस…

हो. तिचंच.

दुकानातून बिननाकाचीच आली होती. आई गेली, आणि मला घर खायला उठलं. हे फिरायला गेले की मी एम-सील मळत बसायची, कणकेसारखं. बोटं आपोआप तिकडे वळली गं. भाकरी थापताना म्हणायची ना ती…

नथ नाही बाई नाकी, नाकाचंच माझं लेणं,
चुलीच्या या उजेडाला मोतियाचं काय देणं…

हो, तूही म्हण… हं… हं…

थांब. थांब थांब. बाईंचा ड्रायव्हर आलाय तिला उचलायला! फोन धर… अहो! खाली ठेवा तिला! निर्मलाजी, रुकिए. वो नाक मैंने लगाई है. मेरी माँ की है… हाँ, मूर्ति नकली, नाक असली!… काय म्हणाल्या? शकू, अगं, त्या विचारतायत, सिर्फ नाक कितने में देंगी!

नाही. नहीं देंगे… अहो, तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. इतके दिवस मी बोलले नाही. मला ती विकायचीच नव्हती… मिसरोदला ना? ती जाईल लिफ्टने. तुम्ही जिन्याने या.

शकू, ठेवते गं. तिला आत घ्यायचीय.