कवडशांना लागलेलं ग्रहण

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला सांगा — माणूस भितो कशाला? अंधाराला? मग भरदिवसा, लख्ख उजेडात, एका शिकल्यासवरल्या बाईच्या अंगाला कापरं का सुटावं?

ऐका तर! बाईचं नाव हेमांगी. डोंगरपाडीच्या शाळेत शिक्षिका. तिसरीचा वर्ग तिच्याकडे आणि त्याच वर्गात तिची लेक — कृत्तिका. नक्षत्राचं नाव हो! पण कृत्तिका असतात कुठं म्हणून विचाराल, तर बाई बोट दाखवणार — पंचांगाकडे!

एकदा वर्गात कौलांच्या फटींतून कवडसे पडलेले. कृत्तिका उठली. "बाई —" शाळेत आईला बाईच म्हणायचं, बरं का! "बाई, भोक वाकडंतिकडं, मग कवडसा गोल कसा?"

बाईंना येत नव्हतं. येत नाही म्हणावं की नाही? छे! "परीक्षेला नाही ते. बस खाली." आणि पुस्तकातला सूर्य-चंद्राचा धडा? तोही परीक्षेला नाही. उलटा पान!

पण उलटलेलं पान गप्प बसतं होय, मंडळी?

पुढच्याच आठवड्यात सूर्यग्रहण आलं. शाळेला सुट्टी! हेमांगीला सातवा महिना, नवरा बोटीवर कामाला. सकाळी सासूबाईंचा फोन — "सूनबाई, ग्रहणाचा उजेड पोटावर पडू देऊ नको हो!"

"आई, असं काही नसतं," हेमांगी म्हणाली. म्हणाली — आणि फोन ठेवून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या! हसता काय? तुमच्या खिडक्या उघड्या असतात वाटतं?

मायलेकी आत बसल्या. घरही शाळेसारखंच कौलारू, वर फटीच फटी. बाहेरचा उजेड विटत चालला. ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती. परड्यातले कावळे एकाएकी गप्प झाले. आणि कृत्तिका कुजबुजली, "आई... जमिनीवर बघ."

रोजचे गोल कवडसे — गेले! त्यांच्या जागी कोरी. चंद्रकोरी! जमिनीभर, भिंतीभर, अंथरुणावर. सगळ्यांची टोकं एकाच बाजूला. जणू कुणाची तरी वाट बघत बसलेल्या. आणि मुंगीच्या पावलानं सरकताहेत... तिच्याकडे! एक पावलावर चढली. एक मांडीवर. आणि एक येऊन बसली — पोटावर!

झटकली, तर हातावर आली. पदर ओढला, तर पदरावर आली!

"चिंध्या आण! स्टूल धर!" सातव्या महिन्यातली बाई स्टुलावर चढली हो, भोकं बुजवायला! एक बोळा कोंबला. एक कोर विझली. दुसऱ्या भोकाकडे हात लांबवला, तेवढ्यात खाली एक कोर कृत्तिकेच्या मनगटावर आली. पोरीनं दचकून हात काढला — आणि स्टूल कलंडलं!

दोन्ही हातांनी वासा धरून हेमांगी लोंबकळली. "आई, सोडू नको! सोडू नको!" लेकीनं रडत रडत स्टूल पायाखाली सरकवलं.

हेमांगी उतरली ती भिंतीला टेकून मटकन बसली. हात पोटावर. आत काहीच हलेना. अंगावर कोरी तशाच. आता ती त्या झटकतही नव्हती.

"आई," पोर डोळे पुसत म्हणाली, "तू बोळा कोंबलास तशी ती एक गेली. म्हणजे त्या वरूनच येताहेत. भोकं कालचीच, जमीन कालचीच. मग बदललं कोण?"

हेमांगीनं मान वर करून कौलांकडे बघितलं. मग म्हणाली — "सूर्य."

"म्हणजे हे सगळे सूर्यच? ग्रहण लागलेले? आणि रोज गोल पडतात... तेही?"

आणि त्या क्षणी, मंडळी — पोटात आतून एक सणसणीत लाथ बसली!

सुट्टी संपल्यावर हेमांगीनं वर्गात पहिलं काय केलं असेल? ते पान परत उलटलं! मग पालकांची सभा बोलावली. "आठवड्यातून एक तास आकाशाचा हवा." एक बाप उठला, "बाई, आकाशाला मार्क किती?"

तिनं पोटावर हात ठेवला. "ते ठाऊक नाही, भाऊ. न शिकण्याचं काय होतं, ते मात्र वाशाला लोंबकळून बघितलंय मी."

आता हलू नका कुणी! आपल्या या मंडपाचं छप्पर फुटकं आहे. समितीला मी वर्षानुवर्षं सांगतोय, ते असो. जरा आपापल्या मांडीकडे बघा. तो गोल उजेड दिसतोय? सूर्य आहे तो. मघापासून तुमच्या मांडीवर येऊन बसलाय. गुपचूप सरकतोय. आणि शेजारी बसलेलं तुमचं लेकरू त्याच्याकडे टक लावून बघतंय.

आता ते तोंड उघडेल. काय सांगणार आहात?